इस्त्रीच्या पाण्यातलं निलगिरीचं तेल

ती. आक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही धडधाकट. तुझा खोकला कसा आहे? निलगिरीचं तेल साखरेवर टाकून चघळतेस असं लिहिलंस, तर हातात बाटली असेल ती आधी खाली ठेव, मग पुढे वाच. (ठेवली नाहीस. ओळखते मी तुला.)

तू मला पाठवलेली बाटली पोचली. गरम पाण्यात थेंबभर टाक, डोक्यावरून टॉवेल घे नि वाफ घे, असा तुझा निरोप. अगं, दुकानात इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग छातीला लागतोय, मी नव्या नवरीसारखी तोंड झाकून बसू कुठे? इस्त्रीची वाफ दिवसभर नाकाखाली असतेच, मग दुसरी कशाला? म्हणून कपड्यांवर शिंपडायच्या पाण्यातच तेल ओतलं. थेंब मोजायला मला कुठला धीर, अर्धी बाटली गेली. नाक मोकळं झालं हो! पण हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठलं, आणि वर्षातून एकदा तोंड उघडणारे आमचे हे म्हणाले, "तापलेल्या इस्त्रीपाशी तेल? दुकान पेटवायचंय का?"

तेवढ्यात आमचे नेहमीचे गिऱ्हाईक, वकीलसाहेब आले, डोळे लालभडक. माझ्या हातच्या इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात उभे राहिले आणि बोलता बोलता घळाघळा रडले म्हणे. त्यांच्या अशिलाला वाटलं, आपलं काही खरं नाही. (मी म्हटलं, सर्दी तरी गेली ना? तर म्हणतात, सर्दी नव्हतीच मला!)

हात दाखवायला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, हे तेल हुंगायचं. अंगाला लावायचं तर साध्या तेलात थेंबभर मिसळून, तान्ह्या पोरांच्या नाकातोंडाजवळ न्यायचं नाही, आणि पोटात तर मुळीच नाही. मी तोऱ्यात म्हटलं, "आमची आक्का तर साखरेवर घेते!" बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली नि विचारलं, "आहेत ना अजून?"

आक्का, मी तशीच घरी येऊन हे पत्र लिहायला बसले. आईचं नाव पुढे करू नकोस. आई रुमालावर थेंब टाकून उशाशी ठेवायची, कुणाला खाऊ घातलं नाही तिनं. तेव्हा ती बाटली मोरीत ओत.

तुझी धाकटी, तू म्हणतेस तशी
घाई

ता. क. खोकला इतका लांबला तर छाती तपासायलाच हवी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मंगळवारी तू येतेस असं मी सांगून बसले आहे. आता मला खोटं पाडू नकोस. पलंग तुला, मी खाली झोपेन.

आणखी ता. क. बाटली मोरीत ओतू नकोस. वकीलसाहेब त्या रडण्यावर जिंकले! पुढच्या खटल्याला शर्ट नको, पण खिशातल्या रुमालावर एक थेंब टाकून द्या म्हणतात. (इस्त्री गार झाल्यावर टाकीन, ओरडू नकोस.) पण बाटली तूच घेऊन ये. एकटी बाटली आली तर दारातून परत पाठवीन.