बुधवारचं बोलणं

१२ फेब्रुवारी

आदरणीय अधीक्षक मॅडम,

नमस्कार. तुमचं पत्र आणि सोबतचे कागद मिळाले. माझी तब्येत बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तो पूर्वीही कुरकुरायचा, त्यामुळे काळजीचं काही नाही. तुमच्या घरी सगळे ठीक असतील असं धरून चालतो.

शोकसभेची व्यवस्था चांगली होती. धुलाई विभागाच्या प्रमुख बाईंसाठी रुग्णालयाचं सभागृह एवढं भरेल असं मला वाटलं नव्हतं. मला पहिल्या रांगेत बसवलंत. खुर्चीला 'बाईंचे मिस्टर' अशी चिठ्ठी चिकटवली होती. ते बरोबरच आहे, तिथे मला दुसऱ्या कुठल्या नावाने कोण ओळखणार. विभागातल्या बॉयलरवाल्यांनी बाईंची नक्कल केली तेव्हा सगळे हसले. मीही हसलो.

आता कामाचं. धुलाई, सफाई, स्वयंपाकघर, पहारा अशा विभागांत वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसांमधून पुढचे प्रमुख तयार करायचे, आणि त्यासाठी तुमच्या बाईंच्या नावाने प्रतिष्ठान काढायचं, हा विचार चांगला आहे. बाईंच्या हाताखाली शिकलेले तुम्ही सगळे मिळून ते करता आहात हेही चांगलं. नाव वापरायला नवऱ्याची लेखी संमती लागते, तेही समजलं. पण काही शंका आहेत.

एक म्हणजे फोटो. तुम्हाला समोर बघणारा हवा आहे. तसा नाही. कपाट उपसून पाहिलं. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती टेबलावरच्या कापडाचा डाग बघते आहे.

दुसरं, 'नेतृत्व विकास' हा शब्द. इतक्या वर्षांच्या संसारात तो मी तिच्या तोंडून ऐकला नाही. डाग, वाफ, गठ्ठा, ट्रॉली एवढ्यात तिचं भागायचं.

शिवाय तुमच्या टिपणात लिहिलं आहे की बाईंचं खरं कुटुंब म्हणजे धुलाई विभाग. बाईंना घरीही एक कुटुंब होतं. आम्हाला मूल नाही, त्यामुळे ते लहान होतं, पण होतं.

घाई नसावी. विचार करून कळवतो.

आपला,
निवृत्त ड्राफ्ट्समन, बांधकाम खातं


३ मार्च

प्रिय छोटी मॅडम,

'मला छोटीच म्हणा, बाई तेच म्हणायच्या' असं तुम्ही रविवारी दोनदा सांगितलंत. मॅडम एकदम सुटत नाही, सांभाळून घ्या.

तुम्ही आणि बॉयलरवाले मुद्दाम वाट वाकडी करून आलात. चहा पांचट झाला होता, तरी दोघांनी संपवलात. बॉयलरवाल्यांनी तर 'वाफ कमी पडली काका' एवढंच म्हणून कप पालथा घातला. ते गृहस्थ मला आवडले, हे नमूद करतो.

तुम्ही परत त्या 'गप्प बुधवार'बद्दल बोललात. सभेतही तेच सांगितलं होतंत. बुधवारी सकाळी बाई किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या तरी हातात द्यायच्या, दाराजवळच्या स्टुलावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायच्या, आणि पाळी संपेपर्यंत एक अक्षर बोलायच्या नाहीत. इस्त्रीच्या यंत्रात चादर अडको, बॉयलर रुसो, ऑपरेशन थिएटरमधून शिव्या येवोत. ज्याच्या हातात किल्ल्या तो त्या दिवसाचा प्रमुख. आग लागली तरच उठेन, एवढं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं म्हणे. तुमच्या प्रतिष्ठानाचं शिक्षण याच पद्धतीने चालणार, म्हणून तिचा उगम तुम्हाला लिहून काढायचा आहे.

"काका, खरं सांगा," बॉयलरवाले म्हणाले, "बाई घरी तरी बोलायच्या का? का इथेही स्टूल आणि अभ्रे?"

"कमीच," मी म्हटलं.

"बघ!" ते तुमच्याकडे वळले. "पैज हरलीस. महिनाभर चहा तुझ्याकडे."

"काका, तुम्ही यांना आधीपासून सामील आहात," तुम्ही म्हणालात. मग गंभीर होऊन विचारलंत, "पण बाईंनी हे सुरू का केलं असेल? आम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्हाला काही बोलल्या होत्या?"

मी म्हटलं, मला काही माहीत नाही.

विचाराअंती माझं मत असं झालं आहे की प्रतिष्ठान काढावं, पण तिचं नाव देऊ नये. तिला गाजावाजा आवडत नव्हता. हे कारण पुरेसं आहे असं मला वाटतं.

आपला,
ड्राफ्ट्समन काका

ता. क. कप धुवायला म्हणून तुम्ही आत गेलात आणि दांडीवरच्या टॉवेलची तीन पदरी घडी घालून ठेवलीत. अगदी तिच्यासारखी, किनार आत. तुम्ही गेल्यावर तो मी उलगडला आणि बोळा करून टाकला. का, ते विचारू नका.


९ मार्च

छोटी,

तुझं उत्तर मिळालं. 'ठीक आहे काका, तुम्ही म्हणाल तसं.' एवढंच. भांडली असतीस तर मी गप्प बसलो असतो. तू ऐकलंस, म्हणून मला लिहिणं भाग आहे.

बॉयलरवाल्यांना सांग की पैज ते हरले.

ती घरी बोलायची. रोज नाही. रोज दमून यायची, जेवायची, भांडी आवरायची, झोपायची. पण बुधवारी बोलायची. चपला काढतानाच सुरुवात व्हायची. तुम्हा सगळ्यांची नावं, कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या हातून कुठला गठ्ठा चुकीच्या मजल्यावर गेला, बॉयलरवाले कसे कान लावून वाफेचा आवाज ऐकतात, सगळं. जेवण निवून जायचं. मधेच म्हणायची, "त्याला तिथेच सांगायला हवं होतं." मी म्हणायचो, "मग सांगायचंस ना." यावर ती हसायची आणि पुढचं सुरू करायची.

मी कमी बोलणारा माणूस. ऑफिसात दिवसभर कागदावर वाकलेला. मला वाटायचं, हे बुधवार माझे आहेत. बुधवारी ऑफिस सुटल्यावर आमचा पत्त्यांचा डाव असायचा, तो मी सोडला. लवकर घरी येऊन चहा टाकून ठेवायचो. माझ्या चहाने ती मोकळी होते, असा माझा समज होता. असा पांचट चहा, आणि त्याला एवढं श्रेय. डावातले मित्र चिडवायचे, बुधवारी वहिनी सोडत नाहीत वाटतं. मला ते आवडायचं.

मग सभेत तुम्ही ते स्टूल सांगितलंत. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत हसत होती, आणि मी हसत असताना मला कळलं की बुधवारी ती माझ्याशी बोलत नव्हती. तुमच्याशी बोलत होती. दिवसभर तुमच्यासाठी जे गिळलं ते घरी येऊन बाहेर काढत होती. समोर मी होतो एवढंच. एखादी भिंत असती तरी चाललं असतं.

मला तुमचा हेवा वाटला, छोटी. तुझा सगळ्यात जास्त. मेलेल्या बायकोच्या सभेत बसून नवऱ्याला हेवा वाटावा, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. म्हणून फोटोचं काढलं, शब्दाचं काढलं, गाजावाज्याचं काढलं. फोटो एक आहे. समोर बघते आहे. माझ्याकडे बघते आहे, कारण कॅमेरा माझ्या हातात होता. तो मी देणार नाही.

आता तू विचारलंस ते. सुरू का केलं हे मला माहीत नव्हतं, कारण सुरू केलं हेच माहीत नव्हतं. पण तू आणि बॉयलरवाले गेल्यावर मी टॉवेलचा बोळा समोर घेऊन बसलो आणि एक गोष्ट आठवली. तू तेव्हा विभागात आली नव्हतीस.

ती नुकतीच प्रमुख झाली होती आणि तापाने आडवी पडली. आठवडाभर. अंथरुणातून उठू देईनात डॉक्टर. तिकडे एक बॉयलर बंद पडला. दुसरा पेटवायचा का, हे ठरवायला कुणी तयार होईना. बाई येऊ देत, बाईंना विचारू. ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या कपड्यांचे ढीग न धुता तसेच राहिले आणि शेवटी ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. त्यात एका म्हाताऱ्या बाईचं ऑपरेशन होतं. उपाशी ठेवलं होतं तिला सकाळपासून, आणि परत वॉर्डात नेलं.

ही बरी होऊन कामावर गेली, तर सगळे दारात उभे. "बाई, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही." संध्याकाळी घरी आली आणि जेवली नाही. मी विचारलं, रागावलीस का त्यांच्यावर? म्हणाली, "नाही हो. ते असं म्हणाले आणि मला आनंद झाला. चांगला पोटातून आनंद झाला. ती बाई उपाशी परत गेली आणि मी खूश." मग दिवा घालवून झोपली. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

तुमचे बुधवार त्यानंतर सुरू झाले असणार. तुमच्याकडे बुधवार होते, कारण नव्हतं. माझ्याकडे कारण होतं. तुमच्या टिपणात उगम म्हणून हे लिही. 'दूरदृष्टी' वगैरे घालू नकोस. तिला स्वतःच्या आनंदाची भीती वाटली, असं सरळ लिही.

तुझंही सांगतो. तुझ्या हातात पहिल्यांदा किल्ल्या आल्या त्या बुधवारी तू ऑपरेशनचे नवे हिरवे कपडे आणि लहान मुलांच्या वॉर्डच्या पांढऱ्या चादरी एकत्र यंत्रात घातल्यास. हिरवा रंग चादरींना लागला. ही घरी येऊन सांगत होती, "सगळं हिरवं होताना मला दिसत होतं आणि मी अभ्रे मोजत बसले. जीभ चावली. पण ती पोर रडली नाही हो. चादरी वाळवल्या, इस्त्री केली, आणि वॉर्डला निरोप पाठवला की आज मुलांसाठी खास हिरव्या." इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाली, "ही उद्या माझी जागा घेईल."

मला तेव्हाही ते फारसं रुचलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तू कुठे जाशील?"

"घरी," ती म्हणाली. "तुम्हाला शिकवायचं बाकी आहे."

मी ती थट्टा समजलो. घरात तिच्याशिवाय माझं खरंच पान हलत नव्हतं, आणि मला वाटतं इथे तिला ते चालत होतं. एक जागा तिने तशी ठेवली होती. त्यावरून मी आता थोडा फुशारलो तर तुम्ही मनावर घेऊ नका. पण त्याचा हिशेब असा झाला की तुम्ही सगळे तिच्यावाचून विभाग चालवता आहात, प्रतिष्ठान काढता आहात, आणि मी परवा जाड पांघरूण सापडेना म्हणून कोट घालून झोपलो.

संमतीच्या कागदावर सही केली आहे. सोबत आहे. तिचं नाव द्या. अट एकच, आणि ती टिपणात घाला. ज्याला गप्प बसायला शिकवाल त्याला आधी विचारा, घरी तुझं ऐकणारं कोणी आहे का. नसेल तर बुधवारी संध्याकाळी त्याला माझ्याकडे पाठवा. मला सवय आहे.

तुमच्यातल्या प्रत्येकाबद्दल ती काय म्हणायची ते मी हळूहळू सांगेन. तिच्या शेवटच्या बुधवारचं मात्र सांगणार नाही. तो प्रतिष्ठानाचा नाही.

या बुधवारी तू ये. स्वयंपाकघरात एक स्टूल आहे, त्यावर बस. चहा मी करीन, पांघरूण मी शोधीन, टॉवेलची घडीही मीच घालून बघीन. चुकलं तरी तू काही बोलू नकोस.

वाट बघणारे,
तुम्ही खुर्चीला चिकटवलं होतंत तेच,
बाईंचे मिस्टर