हयात भावाची गाणी

३ मार्च

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद. मी इकडे जिवंत आणि खुशाल आहे. मुद्दाम लिहितोय, कारण याबद्दल तिकडे शंका दिसते.

काल लॅबमध्ये शेजारच्या बाकावरच्या दाढीवाल्याने मला त्याचा एक इअरफोन दिला. मेणाचे दात कोरताना तो सतत काहीतरी ऐकत असतो. म्हणाला, वर्षातला सगळ्यात भारी अल्बम, कुठल्या कंपनीचा हात नाही, एकट्या मुलीने पोटाला चिमटा घेऊन काढलाय. ऐकतो तर तुझा आवाज. ही माझी बहीण, असं सांगणार तोच त्याने डोळे पुसले. म्हणाला, हिचा भाऊ वारला. मी अरेरे म्हणून बसलो, मग पुढे सांगायची सोयच उरली नाही. दिवसभर तो मला त्या भावाबद्दल सांगत होता. फार गुणी होता म्हणे.

मासिकातला लेखही दाखवला. पाच तारे. समीक्षक म्हणतो, सख्ख्या भावाच्या मरणावर इतक्या कोरड्या डोळ्यांनी कुणी गायलं नव्हतं. कोरड्या डोळ्यांचं पटलं. तिसरं गाणं मात्र लांबलंय.

हे तू सांगितलंस का? आणि बाबांनी वाचलं का? काय म्हणाले?

लोभ असू दे, गेलेल्यांवर असतो तेवढा तरी.
तुझा,
दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. न. नावाआधी कै. लिहायचा मोह आवरलाय.

तू मेलास असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तुझा पलंग मोडून माळ्यावर टाकला, शर्ट वाटून टाकले, टेबलावर तीनच ताटं लागतात, एवढंच गायलंय, आणि ते सगळं खरं आहे. दातांच्या डॉक्टरचा मुलगा दोनदा नापास झाला, बापाशी भांडून दुसऱ्या गावी दात बनवायच्या लॅबमध्ये लागला आणि सहा वर्षं घरी फिरकला नाही, हे कुठल्या चालीत बसतं सांग. उरलेला अर्थ समीक्षकाने लावला. त्याला दुरुस्त करायला मी फोन उचलला होता. मग ठेवला. तीन वर्षं हॉटेलच्या लॉबीत लोकांच्या चमच्यांच्या आवाजात पियानो वाजवून स्टुडिओचं भाडं भरलंय दादा, आणि ते पाच तारे होते.

आईने मला चांगलंच फैलावर घेतलं. वर अपशकुनी कार्टी म्हणाली. पण भाजी चिरताना अल्बम लावते.

पुरस्काराच्या यादीत नाव आलंय, निकाल महिनाअखेर. तोवर दाढीवाल्याकडे तोंड उघडू नकोस. आणि तिसऱ्या गाण्याला नावं ठेवलीस तर खरंच मरशील.

तुझी,
ठमी


१५ मार्च

चि. ठमे,
आशीर्वाद. महिनाअखेरीला चार दिवस सुट्टी मिळतेय. यावं म्हणत होतो, पहिल्यांदाच. पण तुझं नाव यादीत असताना मयत माणसाने गल्लीतून बॅग घेऊन येणं बरं दिसणार नाही, तेव्हा राहू दे.

दाढीवाल्याकडे मी तोंड उघडलेलं नाही. काल त्याने तिसरं गाणं दोनदा ऐकवलं.

बाबांचं तू शिताफीने टाळलंस. शेजारीपाजारी, पेशंट, कुणीतरी विचारलंच असेल. मी गेलो असं कुणी म्हटलं तर त्यांनी नुसतं ऐकून घेतलं ना? मला वाईट वाटेल म्हणून गोड लिहू नकोस.

कळावे. लोभ आहेच, पुरावा मागू नकोस.
दादा


२४ मार्च

ती. दादास,
सा. न.

हो, ऐकून घेतलं. खुर्चीत आ करून बसलेल्या बाई म्हणाल्या, मुलाचं वाईट झालं हो डॉक्टर. बाबांनी मान हलवली आणि चूळ भरा म्हणाले. म्हणून लिहिलं नव्हतं.

पण मंगळवारी समीक्षक मुलाखतीला घरी आला. माझं झाल्यावर बाबांकडे वळला आणि अगदी हळू आवाजात विचारलं की मुलगा कसा होता. मी चपलांकडे बघत होते. बाबा म्हणाले, “जिवंत आहे. दात बनवतो. बरे बनवतो.” मग आत गेले, एक डबी आणली आणि त्याला दाढ दाखवली. चार वर्षं तुझ्या लॅबमधून मागवतायत, एजंटमार्फत. गावात तीन लॅब असताना एवढ्या लांबून का, हे मी कधी विचारलंच नाही. वर म्हणाले, आमचं पटत नाही एवढंच, त्यात मरायचं काय.

समीक्षकाला फसवल्यासारखं वाटलं. त्याने दुसरा लेख लिहिला. गाण्यांत आता काहीतरी कमी वाटतं म्हणे, आणि यादीतून नाव गेलं. गाणी तीच आहेत. दोन दिवस मी बाबांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता तू यायला काही हरकत नाही. नुकसान होऊन गेलंय.

तुझी,
ठमी


२८ मार्च

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद. तुझं गेलं त्याचं वाईट वाटलं, मनापासून. माझ्या जिवंत असण्याने कुणाचं एवढं बिघडेल असं वाटलं नव्हतं. दाढीवाल्याने दुसरा लेख वाचला, मग मी कोण ते मीच त्याला सांगितलं, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

एजंटच्या पेट्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. त्यातला एक दवाखाना चार वर्षं दर दोन दाढांतली एक परत पाठवतो, चावताना उंच लागते, घासा, अशी चिठ्ठी टाइप करून. लॅबमध्ये आम्ही त्याला खडूस म्हणतो. मी तर आणखीही बरंच म्हटलंय. परवा तिथूनच एक परत आली. सगळे नको म्हणतात म्हणून ते काम नेहमी माझ्याच बाकावर येतं.

रविवारी सकाळी पोचतो. बाबांना सांग, ही दाढ एजंटकडे देत नाही, घेऊन येतोय. उंच लागली तर तिथेच, त्यांच्यासमोर बसून घासून देईन.

बाकी भेटीत.
दादा