पाकिटावरचं नाव

सौ. ठमाबाईस मुंबईहून खुशाली.

मी बरा हाय. खोकला उतरलाय, जेवण वेळेवर होतं. म्हैस व्याली काय? श्रुतिकाची परीक्षा कशी गेली?

तू पाठवलेलं अंगाऱ्याचं पाकीट पोलादपूरला परत आलं, असं पोरगी फोनवर बोलली. भिऊ नको. सोसायटीच्या ऑफिसवाल्यांनी पोस्टमनला सांगितलं, महिपती नावाचा कोणी इथं नाय. मी तेव्हा बाहेर गेटवरच बसलो होतो.

त्यांचा राग नाय गो. माझ्या आधीचा वॉचमन सदू. तो वारला, पण त्याचं नाव खुर्चीलाच राहिलं. ‘सदू, गेट उघड’ म्हटलं की मी उठतो. चार वर्षं झाली. आता सांगायचापण कंटाळा येतो.

तर पोरीला पाकिटावर ‘सदू वॉचमन’ असंच घालायला सांग, म्हंजे पोचेल.

एक मागणं हाय. तू मला ‘अवो’ म्हणतेस, गावात मी श्रुतिकाचा बापूस. आई गेल्यापासून माझं नाव कुणी घेतलंच नाय. तोंडानं घेऊ नको, पण आतल्या चिठ्ठीत एकदा तुझ्या हातानं लिही.

वाट बघतोय,
महिपती