जिंकलो आपण, एर्सिलिया

सान पेद्रो, गुरुवार दुपार

प्रिय एर्सिलिया,

जिंकलो आपण! आता पंधरवडा होत आला, त्यामुळे ही बातमी तुझ्यापर्यंत शिळी होऊनच पोचणार. न्यूयॉर्कच्या तुमच्या त्या इमारतीत आपली एवढी माणसं राहतात, कोणीतरी जिन्यातून ओरडत गेलंच असेल. पण पाच-चार हा आकडा ऐकणं वेगळं आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला, आपल्या बाकावर बसून ते डोळ्यांनी बघणं वेगळं. आठवतो ना तो बाक? फाउस्तो पोटात असताना तू तिथे बसून पंचाला अशा काही शिव्या घालायचीस की पुढच्या रांगेतले पाद्री उठून दुसरीकडे जायचे. पोराने जन्माआधीच बेसबॉल ऐकलाय, असं तुझी आई म्हणायची. तू गेल्यावर बाकावरची तुझी जागा मी कोणाला देत नाही. तिथे पिशवी ठेवते. माझा बोलिवार म्हणतो, "एर्सिलिया तिकडे बर्फात बसलीय आणि इथे तिची पिशवी तिकीट न काढता सामना बघतेय."

तर रविवारचा सामना. समोर राजधानीवाले, आणि जो जिंकेल तो अंतिम फेरीत. तुझा फाउस्तो आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे आला होता. राजधानीवाल्यांचा संघ गावात आला की बाकीचे हॉटेलात उतरतात, हा आमच्याकडे. मी लाल घेवड्याची आमटी, भात आणि तळलेली केळी केली होती. बोलिवारने जेवताना सुरू केलंच, "माझाच भात खाऊन उद्या माझ्याच संघाला झोपवणार हा! सुनिल्दा, याला कमी वाढ." फाउस्तो म्हणाला, "काका, उद्या नऊच्या नऊ डाव शून्यावर ठेवतो तुम्हाला. परवा भात मिळेल की नाही तेवढं आत्ताच सांगा." दोघंही खूप हसले. कॉफीचं भांडं त्याने डाव्या हाताने उचललं हे मी पाहिलं होतं, पण तेव्हा मनात काही आलं नाही. पोर खुशीत होतं. उत्तरेकडून तो टोपीवाला गोरा आला होता ना, पोरांचा खेळ बघून करार करणारा, तो खास फाउस्तोला बघायला सामन्याला येणार होता. एवढा एक सामना नीट गेला की सही आणि मग अमेरिका, असं फाउस्तोने तुलाही फोनवर सांगितलंच होतं. त्याच आठवड्यात तू त्याच्यासाठी जाड कोट आणलास ना? त्याने मला सांगितलं. "आईने माप न घेता आणलाय, तिच्या डोळ्यांपुढे मी अजून पंधरा वर्षांचाच असणार," म्हणाला.

एर्सिलिया, आठ डाव तुझ्या मुलाने काय चेंडू टाकले म्हणून सांगू! आपल्या पोरांना चेंडू दिसतच नव्हता. बॅट फिरवायचे आणि मान खाली घालून परत यायचे. तिकडे राजधानीवाल्यांनी चार धावा केल्या होत्या, आपल्या नावावर एकही नाही. मागून लोक ओरडत होते, "सुनिल्दा, घरी नेऊन बांधून ठेवायचं होतंस की याला!" एकाने तर गद्दार म्हटलं, त्याला मी चप्पल दाखवली. खरं सांगते, आठ डाव मी दोन मनांची झाले होते. आपला माणूस बाद झाला की मी कपाळावर हात मारायची आणि त्याच वेळी छाती फुगायची. नवस कोणासाठी करावा तेच कळेना. शेवटी मी मेरीमातेला सांगितलं की बाई, तूच काय ते बघ. फाउस्तोचं नाव होऊ दे आणि आपण फार मोठ्या फरकाने हरू नये, एवढं मागितलं. आपण जिंकावं असं मागितलंच नव्हतं, शपथेवर सांगते.

शेवटच्या डावात लोक उठून निघायला लागले होते. मासे तळणारीने चूल विझवली होती. बोलिवारने रेडिओ बंद करून काखेत मारला. आणि फाउस्तोचा चेंडू मंदावला. कोणाच्या लक्षात येण्याआधी माझ्या लक्षात आलं, कारण तो चेंडू टाकून झाल्यावर खांदा झटकत होता. लहानपणी शाळेचं दप्तर जड झालं की झटकायचा तसा. पहिल्याने चेंडू मारला आणि पहिल्या बेसवर पोचला. दुसऱ्याला फाउस्तोने वाकडेच चेंडू टाकले, तोही फुकटात बेसवर गेला. तिसऱ्याचा फटका थेट कुंपणाला लागला आणि आपली पहिली धाव आली. निघालेले लोक जिन्यातच थांबले. राजधानीवाल्यांचा प्रशिक्षक मैदानात आला, त्याने फाउस्तोला काहीतरी विचारलं. फाउस्तोने मान हलवली, चेंडू सोडला नाही. तो टोपीवाला समोरच बसला होता, त्याच्या देखत चेंडू दुसऱ्याच्या हातात कसा देणार? पुढचे दोघं त्याने बाद केले. कसे केले ते त्याचं त्याला माहीत. एकच माणूस बाद करायचा उरला होता. तर पुढच्याला पुन्हा वाकडे चेंडू, आणि तिन्ही बेसवर आपली माणसं.

आणि बॅट घेऊन आला प्लासिदो. हो, तोच, म्हातारा प्लासिदो. गुडघे वाजतात त्याचे चालताना. याला आता घरी बसवा, असं बोलिवार गेलं वर्षभर सगळ्या न्हाव्यांच्या दुकानांत सांगत फिरत होता. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा असा आला, एर्सिलिया, की तू आणि मी मिळूनही मारला असता. फटक्याच्या आवाजावरूनच कळलं सगळ्यांना. चेंडू उंच गेला, गेला, आणि भिंतीपलीकडे उसाच्या गाड्या उभ्या असतात तिथे जाऊन पडला. तिन्ही बेसवरचे तिघं आणि मागून लंगडत प्लासिदो, चौघं फिरून घरच्या बेसवर. चार-शून्यवरून पाच-चार!

मी ओरडले. तुझी पिशवी हवेत उडवली, शेजारच्या शेंगदाणेवाल्याला मिठी मारली, माझी एक चप्पल कुठे गेली ती अजून सापडलेली नाही. एवढं मी बोलिवारच्या नि माझ्या लग्नातही नाचले नव्हते. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मग माझी नजर मैदानाच्या मधोमध गेली. सगळे पळत होते आणि तो एकटाच उभा होता. चेंडू कुठे गेला ते त्याने वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. उजवा हात डाव्या हातात धरला होता, कोणाचं तान्हं मूल धरावं तसा.

मी मैदानाच्या मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. सगळं गाव नाचत होतं आणि मी एका पायात चप्पल घालून तिथे. फार उशिराने तो बाहेर आला. सदरा उघडाच होता. म्हणाला, "मावशी, बटणं लाव." मी लावली. शेवटचं बटण लावताना म्हणाला, "ओरडलीस ना? मला ऐकू आलं. एवढ्या गर्दीत तुझाच आवाज ओळखला." हसून म्हणाला गं. रागावला असता, तोडून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याची बॅग मी उचलली आणि आम्ही मागच्या गल्लीने घरी आलो.

घरी यायला नको होतं. पण दुसरीकडे कुठे नेणार होते मी त्याला? आमच्या अंगणात निम्मी वस्ती जमली होती. पातेली वाजत होती, ॲकॉर्डियनवाला खुर्चीवर चढला होता, आणि बोलिवार रमची बाटली घेऊन सगळ्यांच्या मध्ये. फाउस्तोला बघून त्याने टोपी काढली. पण गर्दीला काय कळतंय? कोणीतरी ओरडलं, "ये रे फाउस्तो! आम्हाला तूच जिंकून दिलंस, तू तर आमचाच!" हशा पिकला. आणि तुझ्या मुलाने काय केलं माहितीय? डाव्या हाताने पेला घेतला, वर केला आणि म्हणाला, "प्लासिदोच्या गुडघ्यांच्या नावाने!" सगळे खूश. पेला रिकामा करून तो मागे गेला. मी पंधरा माणसांना रम वाढून, मासे वाढून, हसून हसून गाल दुखवून घेतल्यावर मागे गेले, तेव्हा तो पाण्याच्या पिंपात खांद्यापर्यंत हात बुडवून बसला होता. मी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" म्हणाला, "नाताळाच्या आधीपासून." "आणि कोणाला बोललास?" "बोलून काय मावशी? चेंडू टाकणारा दुखतंय म्हणाला की दुसरा तयारच उभा असतो." बाहेर पुन्हा पातेली सुरू झाली. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

नंतरचं थोडक्यात सांगते, कारण सविस्तर माझ्याने लिहवत नाही. राजधानीच्या डॉक्टरांनी हात पाहिला. खांद्यातला स्नायूबंध तुटलाय. "घरातली कामं होतील या हाताने, जेवता येईल, लिहिता येईल. जोर करणं, फेकणं विसरायचं," म्हणाले. तो टोपीवाला सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी निघून गेला होता. संघाने फाउस्तोचं सामान आमच्या पत्त्यावर पाठवून दिलं. आणि मग त्याने तुला फोन केला. औषधांच्या दुकानात मी त्याच्या शेजारीच उभी होते, एर्सिलिया. तू काय बोलत होतीस ते ऐकू येत नव्हतं, पण तू हसत होतीस एवढं कळत होतं. तो म्हणत होता, "हो आई. ठरलंच म्हणायचं. कागद तेवढे व्हायचेत. हो, येतोय मी. नक्की येतोय." फोन ठेवल्यावर त्याने माझ्याकडून वचन घेतलं की तुला सांगायचं नाही. मला वाटलं, चार दिवस जातील, शांत होईल, मग स्वतःच सांगेल.

नाही सांगणार तो. परवा किनाऱ्यावरच्या मिचेसहून एक माणूस येऊन गेला. मला वाटलं नोकरीचं असेल, म्हणून मी त्याला कॉफी दिली. माझ्या हाताने दिली. तो होडीवाला होता. समुद्र शांत झाला की तीस-चाळीस पोरांना घेऊन चोरून पोर्तो रिकोला, अमेरिकेच्या हद्दीत, निघणार आहे, आणि त्यात फाउस्तोचं नाव आहे. तिथून तुझ्यापर्यंत कसं यायचं तेही त्याने विचारून ठेवलंय. याच समुद्रात गेल्या वर्षी कुकाबाईचे दोन्ही मुलगे गेले आणि अजून ती दारात खुर्ची टाकून बसते. बोलिवार त्याच्यापुढे अक्षरशः रडला. "अरे, तुझा एक हात चालत नाही. होडी उलटली तर पोहशील कसा?" फाउस्तो शांतपणे म्हणाला, "आईला येतो म्हणून सांगितलंय, काका." बस, एवढंच. दार लावून घेतलं तर खिडकीतून जाईल. पोलिसांना सांगितलं तर बाकीच्या आयांची पोरं तुरुंगात जातील. दुकानातल्या फोनवरून हे तुला सांगायचं तर सगळी गल्ली ऐकते. म्हणून हे पत्र. बेनिताची सून शनिवारच्या विमानाने तुमच्याकडे येतेय, तिच्या हाती देते आहे. वारा अजून जोरात आहे, रोज सकाळी उठून मी झाडांकडे बघते आणि वारा पडू नये म्हणून देवाची करुणा भाकते. हे वाचलंस की लगेच दुकानात फोन कर आणि त्याला बोलावून घे. रागावू नकोस, समजूत घालू नकोस, रडायचं असेल तर फोन ठेवल्यावर रड. फक्त एवढंच सांग, "मला सगळं कळलंय, तू येऊ नकोस, मीच येते." माझं ऐकणं त्याने थांबवलंय. तुझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही गं. आणि फोनवर कोणी दुसराच आला आणि फाउस्तो गावात नाही म्हणाला, तर मला बोलवायला सांग. मी येईन फोनवर, मग आपण दोघी काय बोलायचं ते बोलू.

तुझीच, आणि त्याची धर्माची आई,
सुनिल्दा