उंबराऐवजी मोह

१८ ऑक्टो., शनि.
उद्याचं वाचन : न्यायासाठी रोज दार ठोठावणारी विधवा आणि अन्यायी न्यायाधीश. दुपारभर चर्चच्या फळ्यावर चित्र काढत होते, हात अजून खडूने निळे. न्यायाधीशाला आमच्या सचिवांची, विजयभाऊंची मिशी दिली. गळ्यात त्यांचाच चौकड्यांचा मफलर. मुद्दाम. तीन वर्षं ही विधवा त्यांच्या दारात उभी आहे. मागणं एवढंच की मृतस्मरणाच्या रविवारी गेलेल्यांची नावं वाचता, त्यात माझ्या यांचंही वाचा. "बाप्तिस्मा नाई तं नाव नाई." विषय संपला.

१९, रवि.
वाचनानंतर पाच मिनिटं गप्प बसून चित्र बघायचं, मग ज्याला जे दिसलं ते सांगायचं. पास्टरांनी पाडलेला पायंडा. काढणारीने बोलायचं नाही. आज बायका पाचही मिनिटं पदरात हसत होत्या. विजयभाऊ उठून म्हणाले, "मले दिसते का बाई लई चिवट होती." उपासनेनंतर फळा पुसणं सचिवाचं काम. असा घासला की डस्टर दोनदा हातातून पडला. बरं वाटलं. पाप लागलं तर लागो.

२६, रवि.
अंगाची लाही. वाचन परूशी आणि जकातदाराचं : एक देवळात पुढे उभा राहून धर्माचा ताठा मिरवणारा, दुसरा मागे पाप कबूल करणारा. परूश्याला तीच मिशी, तोच मफलर, ताठ मान. आणि विजयभाऊ डोळे पुसत उभे! "तो मांगं छाती बडवून राह्यला ना, तो मीच हाय." सगळे आमेन. जकातदाराला मी चेहराच दिला नव्हता, तो विजयभाऊंनी बळकावला.
फाटकाशी गाठलं. म्हटलं, एवढे पापी आहात तर यादीत यांचं नाव घाला.
"रडनं येगळं, नियम येगळा, बाई."
ढोंगी मेला.

२९, बुध.
रविवारच्या नावांची यादी चर्चच्या दारावर लागली. हे नाहीत. पास्टर म्हणे, पुढच्या वर्षी कमिटीशी बोलू. तेही भित्रेच.

१ नोव्हें., शनि.
उद्याचं वाचन : येशूला बघायला जक्कय झाडावर चढतो. शास्त्रात उंबर. मी मोह काढला, फाटकासमोरचा. दर रविवारी हे मला मोटारसायकलवर सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत त्या मोहाखाली बसायचे. आत कधीच नाही. "माहे देव गावात, तुहे आत. मी इथी बसतो." मेल्यावर भावांनी धानोऱ्याकडे गावी नेलं, त्यांच्या रीतीने पुरलं, दगड उभा केला. इथे ऊर्जानगरात माझ्याकडे काय? दुसऱ्याने वाचलं तर एक नाव.
झाडावर यांनाच बसवलं. वीज प्लांटचा कामाचा निळा शर्ट, कानावर विडी. खाली येशूचा फक्त वर केलेला हात. हनुवटी जमेना. चारदा पुसली. पाचव्यांदा जमली आणि मी रडले.

२, रवि.
मृतस्मरण. पाच मिनिटांत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग म्हातारी मार्थाआजी : "सोमा व्हय ना तो?"
यांचं नाव चर्चच्या आत उच्चारलं गेलं!
विजयभाऊ यादी घेऊन उभे. फळ्याकडे बघत राहिले, बघत राहिले. मग, "शास्त्रात उंबर हाय. इथी मोह काऊन?" आणि यादी वाचली, होती तशी. मी शेवटच्या आमेनआधी निघून आले. मोहाखाली कुणीच नव्हतं.

८, शनि.
उद्याचं वाचन : सात भावांची एकामागून एक बायको झालेली बाई. पुनरुत्थानात ती कुणाची? चित्र काढायला गेले तर फळा पुसलेलाच नाही. हे आठवडाभर झाडावर बसलेत.
विजयभाऊंना फोन केला. "पुसाचं राहून गेलं."
या माणसाचं कधी काही राहत नाही. लाज वाटली असेल? की माझ्याच हातून पुसून घ्यायचं आहे?
"तुमीच पुसून टाका ना, बाई."
फोन ठेवला. निळा खडू काढला, परत डबीत ठेवला.
उद्या नऊला उपासना. फळ्यावर नवं काही नाही. डस्टर मी घरी घेऊन आले आहे.