बाळासाठी ठेवलेलं काजळ

नवागाम, सुरत
दि. २४ जुलै २०२३

ती. सौ. पुष्पाताईस, धाकट्या रंजनाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. इथं भिंत नावालाच आहे. मी बोलले की पलीकडे कलाबाईला सगळं ऐकू जातं, आणि गोष्ट तिचीच आहे. राघोभाऊ पारोळ्याला येतोय, त्याच्या हाती चिठ्ठी देतेय.

घरात डोळे आलेत. आधी यांचे, मग मयुरीचे. सकाळी पोरीच्या पापण्या उघडत नाहीत. हे म्हणतात, उधन्याला कारखान्यात दहा जणांना आलेत, तिथूनच लागलं. मला नाही पटत. सगळ्यात लाल डोळे कलाबाईचे. काळा चष्मा लावून दारात उभी राहते आणि आमच्या घरात बघते. मी तर दाराला पडदाच लावलाय. यांचे डोळे लाल व्हायच्या आदल्याच दिवशी ती आपणहून आली आणि आमच्या डबीतलं काजळ मागून घालून गेली. एरवी कधी मागते का?

माझा जीव हर्षदात अडकलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून पोर दिवस मोजतेय. नंदुरबारहून तिच्या सासूचा निरोप आला की घरात डोळे आलेले असतील तर सून पाठवणार नाही. पोर फोनवर रडली गं.

तू बाळासाठी धरलेलं काजळ मात्र कामाला येतंय. थंडावा मिळतो म्हणून रोज संध्याकाळी दोघांना बोटानं घालते. थोडं बाळासाठी राखलंय, काळजी नको.

राग आला तरी माया कमी करू नकोस.
तुझी रंजना


पारोळा
दि. २९ जुलै २०२३

चि. सौ. रंजनास अनेक आशीर्वाद.

माय वं, काय हा तुझा पोलिसी कारभार! पडदा काढ, खोलीत वारा येऊ दे. नुसतं बघून डोळे येत नाहीत. आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बायांना बसवून सांगितलं की हे हातानं, टॉवेलानं, उशीनं पसरतं. ज्याचा टॉवेल त्याचा, उशीचे अभ्रे रोज गरम पाण्यात. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून डोळे पुसायचे, एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावायचा नाही. दूध, मध, गुलाबपाणी काही घालू नकोस. औषधाचे थेंब डॉक्टर देतील तेच, आणि एकाची बाटली दुसऱ्याला नाही. फार दुखलं, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आता मी विचारते ते नीट आठवून लिही. कलाबाईनं डबीत बोट घातलं तेव्हा तिचे डोळे कसे होते? आणि त्याआधी डबीत कुणाचं बोट गेलं होतं?

एरंडेलाच्या दिव्यावर रात्रभर बसून धरलंय मी ते काजळ. तरी सांगते, फेकून दे. बाळाच्या डोळ्यांना काजळ लावूच नये म्हणतात, मग ते कुणाच्याही डबीतलं असो.

उत्तर लवकर दे. मी वाट बघत बसते हे तुला ठाऊक आहे.
तुझी पुष्पाताई


नवागाम
दि. ४ ऑगस्ट २०२३

ती. ताईस सा. न.

तुझी चिठ्ठी वाचून आधी चिडले. कलाबाईची बाजू घेतेस म्हणून दोन दिवस उत्तरच लिहिलं नाही. मग साड्यांना टिकल्या लावता लावता आठवत गेलं. काजळ मागायला आली तेव्हा ती भाचीच्या डोहाळजेवणाला निघाली होती. डोळे चांगले पांढरे स्वच्छ होते. आणि आदल्या संध्याकाळी यांचे डोळे चुरचुरतात म्हणून मी त्यांना काजळ घातलं होतं. यांच्या डोळ्यातलं बोट डबीत, तेच मयुरीच्या डोळ्यात, पुन्हा डबीत.

म्हणजे माझ्याच घरातून तिच्याकडे गेलं, ताई. आणि मी गल्लीभर सांगून बसले की तिनं आणलं. बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं, टिकल्या लावायला घरोघरी साड्या वाटणारी बाईसुद्धा तिचं दार सोडून जाते. आणि त्याहून वाईट ऐक. हीच डबी मी चार दिवसांच्या बाळाच्या डोळ्याला लावणार होते.

काजळ फेकलं. साड्यांच्या बाईला आणि गल्लीतल्या बायांना खरं काय ते सांगितलं. कलाबाईच्या दारी गेले, चूक कबूल केली. तिनं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

माझ्यावर लोभ ठेव, मला तो आता लागणार आहे.
रंजना


नवागाम
दि. २७ ऑगस्ट २०२३

ती. ताईस सा. न.

दोघांचे डोळे निवळून चार दिवस झाले तेव्हा विहीणबाईंनी हर्षदाला पाठवलं. बुधवारी मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. दवाखान्यात बाळाचे डोळे तपासले, स्वच्छ आहेत. जरा लाली किंवा चिकटा दिसला तर घरचं काही न करता लगेच आणा म्हणाले.

काल घरी आलो. बाया बघायला आल्या आणि बाळाला काजळ कसं नाही म्हणून विचारत बसल्या. तेवढ्यात कलाबाई आली. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलणार. ती सरळ मोरीत गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि हर्षदाकडून बाळ घेतलं.

मी पुढे झाले तशी तिनं बाळ मागे घेतलं. म्हणाली, आधी तुझे हात दाखव. मी सगळ्या बायांसमोर दोन्ही हात पुढे केले. तिनं एकेक बोट उलटून पाहिलं. काजळाचं बोट दोनदा पाहिलं. मग मोरीकडे पाठवलं. मी धुऊन आले, तेव्हा कुठं नात माझ्या हातात दिली.

बाळाला एकदा बघून जा. येशील तेव्हा रिकाम्या हातानं ये, काजळ नको.
तुझीच रंजना