चार रात्रींची नोंद

हाल्डेनरोडा, २६ ऑगस्ट १९९०

प्रिय गुंडुला आत्यास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि कॉफीचं पार्सल पोचलं. आता तीच कॉफी, त्याच डब्यात, इथेही मिळते. तरी पाठवणं थांबवू नका, असं बाबांचं म्हणणं आहे. माझं नाही.

बाबांनी मत कसं दिलं, असं तुम्ही विचारलंत. 'हो' असं दिलं. तीन ऑक्टोबरला आमचा पूर्व जर्मनी तुमच्या पश्चिम जर्मनीत सामील होईल, आणि मार्चमध्ये बाबा ज्या संसदेवर निवडून गेले ती बंद होईल. स्वतःची खुर्ची काढून घेण्यासाठी मत देणारा माणूस मी प्रथमच पाहिला. बावीस वर्षं गुरांचे डॉक्टर, गेल्या हिवाळ्यात जुनं सरकार कोसळताना भरलेल्या गावच्या गोलमेज बैठकीचे अध्यक्ष, वसंतात खासदार. हे इतक्या लवकर झालं की शेजारी अजून, डॉक्टर, जरा आमच्या सशाला बघा, म्हणून येतात. बाबा बघतात.

आता काही महिने, इकडून पाठवलेल्या खासदारांपैकी एक म्हणून, ते तुमच्या बॉनच्या संसदेत बसतील. डिसेंबरात दोन्हीकडची मिळून निवडणूक आहे. पक्षाच्या यादीत त्यांचं नाव तिसरं आहे, म्हणजे निवडून येतील.

कारखान्यात मी 'शून्य तास' कामावर आहे: नाव हजेरीपटावर, काम नाही. भिंगांची वक्रता मोजायचं माझं यंत्र कापडाने झाकून आले. वाईट किती वाटलं, असं विचाराल. मोजलेलं नाही.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवण्याचा त्रास घेऊ नये.
आपली,
अल्मुट


ग्योटिंगन, ८ ऑक्टोबर १९९०

चि. अल्मुट हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे आगगाडीचं वेळापत्रक. वाचून रडावं की गाडी पकडावी, कळत नाही. मी गाडी पकडली. बॉनला जाऊन फोल्कमारला भेटून आले. बत्तीस वर्षांनी भावासमोर बसून कॉफी प्यायले.

अंगात तोच कॉर्डरॉयचा कोट, कोपराला ठिगळ. दारावरच्या माणसाने त्याला नळ दुरुस्त करणारा समजून मागच्या दाराने पाठवलं म्हणे, आणि हा मुकाट्याने गेला. मी म्हटलं, अरे गाढवा, तू खासदार आहेस. तर म्हणतो, मागचं दार जवळ पडतं.

त्याचं भाषण ऐकलं. सहा मिनिटं, दूध आणि गोठे यांवर. समोर एकजण पेपर वाचत होता. पण चौथ्या मिनिटाला त्याने पेपर खाली ठेवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. बाहेर आल्यावर फोल्कमार चोरी कबूल केल्यासारखा हळूच म्हणाला, ताई, हे मला जमतं गं. तो रांगायचा तेव्हापासून मी त्याला ओळखते. असं वाक्य त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हा डिसेंबरात त्याला निवडून आणा. या वयात मला भावाची सवय लागली आहे. ती मोडायला लावू नका. आणि तू कोरडी राहू नकोस, इकडे ये, चांगलं खाऊ घालते.

बाकी क्षेम. म्हातारीवर माया असू दे.
तुझी आत्या


हाल्डेनरोडा, १६ ऑक्टोबर १९९०

प्रिय गुंडुला आत्यास,
सा. न. वि. वि.

काल शाळेच्या व्यायामशाळेत बाबांची सभा झाली. प्रश्नांच्या वेळी हेनिंग क्रोल उठला. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या क्रोलकाकूंचा मुलगा. त्याच्या हातात इमारतीची पाहुण्यांची वही होती.

तुम्ही इथून तिकडे गेल्याला फार वर्षं झाली, म्हणून सांगते. तीन दिवसांहून जास्त राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्या वहीत लिहावं लागे. पोलीस येऊन ती तपासत. म्हणून सगळी बिऱ्हाडं 'दोनच रात्री' असं सांगत. कुणाची आजी महिनाभर राहिली तरी दोनच. वही सांभाळणं बाबांकडे होतं. ते गावोगाव वासरं ओढत फिरत, म्हणून लिहायची मी.

मार्च १९८३ मध्ये हेनिंग सैन्यभरतीची नोटीस चुकवून आईकडे लपला होता. मी वीस वर्षांची होते. त्याला जिन्यात पाहिलं, मोजलं आणि लिहिलं: चार रात्री. मनात काही नव्हतं. चार होत्या म्हणून चार. एप्रिलच्या दोन तारखेला वही तपासली गेली आणि त्याच संध्याकाळी त्याला नेलं. चौदा महिने तुरुंगात होता. वही गेल्या आठवड्यात क्रोलकाकूंना तळघरात कोळशाच्या विटांमागे सापडली.

हेनिंगने नोंद मोठ्याने वाचली आणि वही कोणाची असं विचारलं. बाबा म्हणाले, "वही माझी." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठले नाही.

आज पक्षाचे जिल्हा सचिव झाप्फ घरी आले. उभ्याउभ्याच म्हणाले, पोरी, पक्षाची पाकिटं तूच लिहितेस, काल वहीतलं तुझं अक्षर मी ओळखलं. दोन ओळी लिहून दे. 'नोंद मी केली. वडिलांना माहीत नव्हतं.' चोवीस तारखेला यादी पक्की होते, तुझा कागद आला तर बाबांचं नाव राहतं, नाहीतर जातं. सोमवारपर्यंत मुदत आहे.

पहिली ओळ खरी आहे. दुसरीही असणार, कारण बाबांनी हा विषय कधी काढला नाही. सोमवारी लिहून देईन. बाबांना तसं कळवलं आहे.

कळावे. तुमचा भाऊ बॉनमध्येच राहील.
आपली,
अल्मुट


बॉन, १९ ऑक्टोबर १९९०

चि. अल्मुट हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

झाप्फला काही देण्याआधी हे वाच.

त्या आठवड्यात क्रोलबाईंनी मला जिन्यात गाठलं होतं. दोनच रात्री ना डॉक्टर, असं म्हणाल्या. मी मान हलवली आणि गाय अडली होती तिकडे निघून गेलो. तुला सांगायचं राहिलं. एकतीस मार्चला नेहमीप्रमाणे सही करायला वही उघडली, तेव्हा तुझी ओळ वाचली. खोडली असती तर खाडाखोड दिसली असती. पान फाडावं तर पानांना आकडे होते. पोलीस यायला दोन दिवस होते. वर जाऊन क्रोलबाईंना सावध करायला अठ्ठावीस पायऱ्या होत्या. मी सही केली आणि जेवायला बसलो.

तुझ्या मनाला लागू नये म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही.

झाप्फला काय लिहून द्यायचं, हे मी सांगणार नाही. हे काम मला आवडतं, एवढंच सांगतो. तुझी आई गेल्यापासून दुसरं काही आवडल्याचं आठवत नाही. हे वाक्य लिहायला नको होतं, पण टपालाची वेळ झाली.

चिमणी साफ करून घे. धूर कोंडतो.
तुझे बाबा


हाल्डेनरोडा, २८ ऑक्टोबर १९९०

प्रिय गुंडुला आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबत बाबांच्या पत्राची नक्कल जोडली आहे. ते सोमवारी दुपारी पोचलं. त्यानंतर मी दोन ओळी लिहिल्या: हेनिंग क्रोल चार रात्री राहिल्याची नोंद मी केली. वडिलांनी ती वाचून सही केली.

कागद आधी तिसऱ्या मजल्यावर नेला. हेनिंगने दारातच वाचला. तो ओरडेल, अशा तयारीने गेले होते. त्याने चारच्या आकड्यावर बोट ठेवलं. "तू लिहिलंस तोवर पाच. पहिल्या रात्री तळघरातून आलो, तुला दिसलो नाही." नोंद चारचीच होती, म्हणून ती ओळ तशीच ठेवून खाली लिहिलं: प्रत्यक्षात पाच. आतून क्रोलकाकूंनी कोण आलंय विचारलं. कोणी नाही, असं म्हणून त्याने दार लावलं.

झाप्फ म्हणाले, अगं, दुसरी ओळ विचारली कोणी तुला? ती कापून टाक, पहिलीवर मी भागवतो. मी नाही म्हटलं. पहिली एकटी ठेवली की तीही खोटी होते. माझ्या बापाने अशी मुलगी पोसली असती तर, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी टोपी घातली.

बुधवारी यादीतून नाव गेलं. शुक्रवारी बाबा आले. मी माझी प्रत टेबलावर ठेवली. वाचून म्हणाले, "बरोबर आहे." मग बटाटे सोलायला बसले. दोघांना लागतात त्याच्या तिप्पट सोलले. मी थांबवलं नाही. काल दिवसभर आम्ही तेच खाल्लं.

मला काय वाटतं, हे तुम्ही विचाराल. अजून काही वाटत नाही. पण तुम्हाला भावाची सवय लागली होती, हे मला ठाऊक होतं. कागद देताना ते लक्षात होतं, विसरून दिलेला नाही.

पत्राच्या शेवटी लोभाचं जे काही लिहिते ते एरवी नुसता हात लिहितो. या वेळी खरंच विचारते आहे. राहील का, ते कळवावे.

अल्मुट